आर्कचा आवाज

साकीनाक्याला, कुर्ला-अंधेरी रस्त्यावरून आत वळलं की एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट लागते. तळमजल्यावरच्या एका गाळ्याच्या पाटीवर मोठं नाव आहे, पण ते कोणी वाचत नाही. सगळी इस्टेट मालकाला मामा म्हणते आणि गाळ्याला आर्गनवाला. मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवत होतो तेव्हा फळ्यावर ‘टिग’ लिहायचो. बाजारात ते आर्गन वेल्डिंगच. मामा माझा जुना विद्यार्थी, आता साठी ओलांडलेला. औषध कारखान्यांच्या यंत्रांचे स्टेनलेसचे हॉपर, डेअरीचे पाइप, पातळ पत्र्याचे डबे ही त्याची कामं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी त्याचा फोन आला. “सर, जरा येऊन जा. भाचीनं डोकं खाल्लंय.”

भाची म्हणजे सख्खी भाची. मेटलर्जी शिकलेली. घाटकोपरहून मेट्रोने तिसऱ्या स्टेशनवर उतरली की मामाचा गाळा. तिने एका विक्रेत्याच्या मागे लागून दोन दिवसांसाठी एक मशीन गाळ्यात आणून ठेवलं होतं. त्यात वेल्डिंगचा करंट सेकंदाला २०,००० वेळा वरखाली करता येतो. मी पोचलो तेव्हा वाद रंगात आला होता. अशी मशीनं आता विकायला येतात, आणि गाळेवाल्यांच्या हातात जाहिरातीच्या पत्रकापलीकडे काही पडत नाही. म्हणून तो वाद जमेल तसा इथे उतरवतो आहे.

मामा: एचएफ, एचएफ काय लावलंयस? माझ्या वीस वर्षांच्या मशीनलाही एचएफ आहे. बटण दाबलं की टिक करून आर्क पेटतो. टंगस्टन जॉबला टेकवावा लागत नाही.

भाची: मामा, ते एचएफ, म्हणजे हाय फ्रीक्वेन्सी, वेगळं. तो फक्त आर्क पेटवतो. काही हजार व्होल्टची ठिणगी, करंट मात्र नावाला. टंगस्टन आणि जॉबच्या मधला आर्गन वीज वाहायला तयार झाला की त्याचं काम संपलं. मी बोलतेय ते खऱ्या वेल्डिंगच्या करंटबद्दल. तोच सेकंदाला हजारो वेळा चढवायचा आणि उतरवायचा.

मामा: म्हणजे पल्स. तोही आहे माझ्याकडे.

भाची: तुझा पल्स सेकंदाला एक, दोन, फार तर दहा.

मामा: आणि तेवढा पुरतो! वरचा करंट आला की धातूचं पाणी होतं, खालचा आला की ते गोठतं. नाणी एकावर एक सरकवून ठेवावीत तशी लाइन पडते. उभ्या सांध्यात धातू ओघळत नाही, पातळ पत्र्याला भोक पडत नाही. मला याच्यापुढे काय हवंय?

इथे मी मध्ये पडलो. दोघेही ‘पल्स’ म्हणत होते, पण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. सेकंदाला दोन ठोके असतात तेव्हा वितळलेला धातू प्रत्येक ठोक्याबरोबर वितळतो आणि गोठतो. त्याला तेवढा वेळ मिळतो. ठोके सेकंदाला हजारांत गेले की धातूला त्यांचा पत्ताच लागत नाही. त्याच्या लेखी उष्णता एकसंध येते. मग बदलतं काय? बदलतो तो आर्क. टंगस्टन आणि पत्र्याच्या मधली ती दोन-तीन मिलिमीटरची, हजारो अंश तापलेली वायूची घंटा. पाठ्यपुस्तकातल्या मराठीत तिला प्रज्योत म्हणतात. शब्द सुंदर आहे, गाळ्यात मात्र तो कधी आला नाही.

मामा: बदलतो म्हणजे काय होतं?

भाची: आकसतो. आणि ताठ होतो. करंट वाढला की आर्क फुगतो, हे तू रोज बघतोस. पण फुगायला वेळ लागतो. आजूबाजूचा थंड आर्गन तापला, त्याचे अणू फुटून त्यातून वीज वाहायला लागली, की मग वाट रुंद होते. एलबीएस रोडवर एकदम दुप्पट गाड्या सोडल्या तर रस्ता काही त्याच मिनिटाला रुंद होत नाही. इथे तर वाट रुंद व्हायच्या आत करंट उतरलेला असतो. मोठा करंट अरुंद वाटेनंच जातो.

मामा: म्हणून ताठ?

भाची: करंट जिथून वाहतो तिथे त्याचंच चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते आर्कला आत दाबतं. टंगस्टनच्या टोकाशी आर्क बारीक, पत्र्याशी रुंद. त्यामुळे हा दाब वर जास्त, खाली कमी, आणि तापलेला वायू पत्र्याकडे झोत होऊन धावतो. या झोताचा जोर साधारण करंटच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो. आता आकडे घे. सरळ ४० अँपिअरचा वर्ग १६००. पल्समध्ये अर्धा वेळ ७० आणि अर्धा वेळ १०. सरासरी ४०च. पण ७० चा वर्ग ४९००, १० चा १००, त्यांची सरासरी २५००. त्याच सरासरी करंटला जोर दीडपटीहून जास्त.

मामा: हा हिशेब तर माझ्या दोन ठोक्यांच्या पल्सलाही लागू होतो.

पोराच्या उत्तरपत्रिकेत नेमकी खोच सापडावी तसं मला झालं. मामाचं बरोबर होतं. वर्गाच्या सरासरीत सेकंदाला ठोके किती याचा संबंधच येत नाही.

भाची: बरोबर. म्हणून तो अर्धाच खुलासा. सेकंदाला ठोके वाढवत नेले तसा आर्कचा दाब प्रत्यक्ष मोजलाय लोकांनी. पाच हजारांच्या पुढे तो ठळकपणे चढायला लागतो आणि दहा हजारांच्या जवळ सरळ करंटच्या आर्कच्या जवळपास चौपट होतो. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या हँडबुकमध्ये हा आकडा आहे. दीडपटीच्या वरचा हा जोर त्या अरुंद वाटेतून येतो.

मामा: चौपट दाब म्हणजे माझा पत्रा फाटणार. मी वितळलेल्या धातूला थोपवून धरतो आणि तू वरून फुंकर मारतेस!

भाची: मोठ्या करंटला हे खरंच होईल. दीड-दोनशे अँपिअरला तो दाब धातूला खड्ड्यासारखा दाबेल, वेग वाढवलास तर बाजूला अंडरकट, म्हणजे कडेला खाच, पडेल. पण दहा-पंधरा अँपिअरवर मुळात दाब असतोच किती? तिथे आर्क दिशाहीन होतो. टंगस्टनच्या टोकावर या बाजूनं त्या बाजूला नाचतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याच्या कडेला तू टॉर्च धरतोस आणि आर्क उडी मारून फिक्स्चरला चिकटतो. आठवतं?

मामाला आठवत होतं. पातळ नळीचं एक काम त्याने दोनदा परत केलं होतं. मला त्याने तेव्हा सांगितलंही होतं. कमी करंटला टंगस्टनचं टोक पुरेसं तापत नाही, इलेक्ट्रॉन सुटण्याची जागा स्थिर राहत नाही, आणि आर्क भटकतो. सरासरी १० अँपिअर ठेवून वरचा ठोका २०-२५ चा दिला तर टोक गरम राहतं आणि आर्क जागा सोडत नाही. या पद्धतीचं मला सर्वात पटलेलं कारण हे आहे. बाकीचे फायदे याच्या मागून.

मामाने मग टंगस्टनची कांडी खिशातून काढली. त्याच्या शर्टच्या खिशाला पेन कधीच नसतं, टंगस्टन असतो.

मामा: हे टोक बघ. आर्क बारीक हवा तर टोक बारीक करा, आणि घासताना रेघा लांबीच्या दिशेनं पडू द्या. आडव्या रेघा पडल्या की आर्क त्या रेघांवरून भरकटतो. ही गोष्ट सरांनी शिकवली, फुकट आहे. पत्रा ॲसिटोननं पुसा, आतून आर्गन सोडा, सांध्यात फट ठेवू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहा खराब जॉबमधल्या नऊंची कारणं यातच असतात. त्यातल्या एकालाही तुझा २०,००० चा पल्स वाचवत नाही.

भाची: मान्य.

मामा: मग?

भाची: मग तो दहावा जॉब. तो जॉब तू परत पाठवतोस, आणि तो वसईला किंवा पुण्याला जातो. मामा, या इस्टेटमधले किती गाळे उरलेत? वर कॉल सेंटर आलंय, शेजारी कुरिअरचं गोडाऊन. विक्रोळीला रॉकेटची विकास इंजिनं तयार होतात. २०२३ मध्ये चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटमध्ये तशी दोन होती. म्हणजे या उपनगरांत पातळ, अवघड, महाग धातूचं काम चालतं. पण रेलिंग आणि ग्रिलचं काम करून साकीनाक्याचं भाडं परवडणार आहे का तुला?

यावर मामा काही बोलला नाही. चहा आला. पाऊस जोरात होता आणि शटर अर्धं ओढलेलं होतं.

चहा संपल्यावर त्याने नवा मुद्दा काढला, आणि तो चांगला होता.

मामा: पत्रकात लिहिलंय, ‘कमी उष्णता’. सरासरी करंट तोच, व्होल्ट दहा-बाराच, तर उष्णता कमी कशी? वीज काय पल्सला सवलत देते?

भाची: नाही देत. त्याच सरासरी करंटला उष्णता जवळजवळ तेवढीच जाते. ते वाक्य अर्धवट आहे. आर्क बारीक झाला म्हणून ती उष्णता कमी जागेत पडते, तेवढ्याच खोल वितळायला कमी करंट लागतो किंवा हात वेगानं नेता येतो. उष्णता कमी होते ती तू करंट कमी केलास किंवा वेग वाढवलास तर. जुन्याच करंटवर, जुन्याच वेगानं काम केलंस तर पत्रा पूर्वीसारखाच निळा पडेल आणि पूर्वीसारखाच वाकेल.

हे विक्रेत्याने सांगायला हवं होतं. मामाने पत्रकावरची ती ओळ पेनाने खोडली. पेन माझं.

मामा: आणि वारा? इथे लिहिलंय, वाऱ्यानं आर्क हलत नाही. माझ्याकडे पंखा आहे, शटर उघडं असतं. आर्क नाही हलणार, पण आर्गन उडून जाईल त्याचं काय?

भाची: उडून जाईल. आर्क कितीही ताठ असला तरी आर्गन त्याच्यासाठी थांबत नाही. पंखा बंदच ठेवावा लागेल. ताठपणाचा खरा उपयोग चुंबकत्व असलेल्या पाइपवर, जिथे आर्क एका बाजूला ओढला जातो. किंवा दोन आर्क शेजारी चालतात तिथे. किंवा यंत्रावर बसवलेल्या टॉर्चला, जी वेगानं सरळ रेषेत जाते.

मामा: म्हणजे हातानं करणाऱ्याला काही नाही.

भाची: हाताचंही ऐक. तुझा हात कितीही स्थिर असला तरी टंगस्टन आणि पत्र्यातलं अंतर मिलिमीटरभर कमीजास्त होतंच. फुगलेला आर्क अंतर वाढलं की आणखी पसरतो. आकसलेला कमी पसरतो. तेवढा तुझा हात माफ होतो.

माझ्या मते या प्रश्नात दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट केबलची होती. मी मशीनच्या मागे पाहिलं तर टॉर्चची लांब केबल गोल गुंडाळून खिळ्याला टांगलेली. साध्या वेल्डिंगला याने काही बिघडत नाही. पण २०,००० ठोक्यांना बिघडतं, आणि किती, ते मी फळ्याऐवजी जुन्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं.

सेकंदाला २०,००० ठोके, म्हणजे एक पूर्ण फेरा ५० मायक्रोसेकंदांचा. अर्धा वर, अर्धा खाली: २५ आणि २५. जाणारी आणि येणारी केबल मिळून दहा मीटर धरली तर तिचा स्वतःचा इंडक्टन्स १० मायक्रोहेन्रीच्या आसपास असतो. इंडक्टन्स म्हणजे करंट बदलायला केबलचा विरोध. १० वरून ७० अँपिअरवर जायचं आणि आर्कला लागणारे व्होल्ट सोडून मशीनपाशी ६० व्होल्ट शिल्लक असले, तर चढायला १० मायक्रोसेकंद लागतात. पंचवीसपैकी दहा चढण्यातच गेले. हे चालून जाईल. उतरताना खरी अडचण येते. मशीनने व्होल्ट काढून घेतले की करंटला खाली ओढायला आर्कचे दहा-एक व्होल्टच उरतात. त्या हिशेबाने ६० अँपिअर उतरायला ६० मायक्रोसेकंद लागतील, आणि आपल्याकडे आहेत २५. म्हणजे करंट खाली पोचायच्या आत पुढचा ठोका येतो. पडद्यावर ७० आणि १० दिसत राहतात, आर्कमध्ये मात्र सरासरीच्या आसपासची लाट फक्त थरथरत असते. करंट जोराने खाली खेचणारं वेगळं सर्किट आत असेल तरच ही पद्धत चालते, आणि महागडं मशीन महाग असतं ते या सर्किटामुळे. त्यात केबल गुंडाळून ठेवली की इंडक्टन्स कित्येक पटींनी वाढतो.

मामा: म्हणजे सर, मशीन २०,००० दाखवेल आणि टॉर्चला काहीच पोचणार नाही?

मी: पोचेल, पण बोथट होऊन. आणि एक आकडा नीट वाच. इन्व्हर्टर मशीनच्या आतले स्विच सेकंदाला वीस हजार ते लाखभर वेळा उघडझाप करतातच. तो मशीनच्या पोटातला आकडा. आर्कला जाणारा करंट किती वेळा वरखाली होतो, तो आकडा वेगळा. पत्रकात कधी कधी पहिला आकडा ठळक छापलेला असतो.

आम्ही केबल सोडून जमिनीवर सरळ पसरली, जाणारी आणि येणारी शेजारी-शेजारी. मग मामाने हेल्मेट घातलं. एक मिलिमीटरचा ३०४ स्टेनलेस, टंगस्टन १.६ चा.

आधी सरळ करंट. ओळखीचा मंद फुसफुसाट. मग सेकंदाला ५०० ठोके. मोटारीचा हॉर्न अडकून बसावा तसा आवाज. मग दोन-तीन हजार. माणसाचा कान याच पट्ट्यात सर्वात तीक्ष्ण असतो, आणि गाळ्याच्या पत्र्याच्या भिंतींनी तो आवाज दुप्पट केला. मामाने आर्क तोडला.

मामा: हे नको मला. अगं, मी आर्क कानानं ऐकतो. टंगस्टन धातूला चाटला की आवाज बदलतो. अंतर वाढलं की बदलतो. आर्गन कमी पडला की फुरफुरतो. डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं. तू माझा कानच काढून घेतेस.

हा मुद्दा यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा आहे, असं मी मानतो. आर्कच्या आवाजावर अभ्यास झालेला आहे, आणि तो सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने केला. रस्त्यांवर कार्बन आर्कचे दिवे लावायचे तेव्हा ते मध्येच सूं सूं करत आणि प्रकाश बिघडे. लंडनच्या हर्था आयर्टन यांनी शोधलं की कार्बनच्या टोकाला पडलेल्या खळग्यात हवेतला ऑक्सिजन शिरला की हा आवाज होतो. १८९९ मध्ये त्यांनी तिथल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत स्वतःचा निबंध स्वतः वाचला. तसं करणाऱ्या त्या पहिल्या बाई. १९०२ मध्ये आर्कवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. त्याच सुमारास विल्यम डडेल यांनी दिव्याच्या करंटवर बारीक लहर चढवली आणि आर्कमधून सूर काढून दाखवले. करंट वाढला की वायू तापून फुगतो, उतरला की आकसतो, आणि भोवतालच्या हवेला धक्का बसतो. सेकंदाला जितके धक्के तितक्या उंच पट्टीचा सूर. मामाच्या गाळ्यात त्या दिवशी वाजला तो हाच सूर.

भाचीला आयर्टन माहीत नव्हत्या. तिने नाव लिहून घेतलं.

भाची: मामा, अजून वर जाऊ दे. माणसाला २०,००० च्या वर ऐकू येत नाही.

तिने आकडा आधी १४,००० वर नेला. मामाने आर्क पेटवला, एक लाइन ओढली, आणि काच वर केली.

मामा: आता गप्प झाला. हे चालेल. आर्क बघा सर, सुईसारखा झालाय.

तेवढ्यात मागून हेल्परचा आवाज आला. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, दोन्ही हात कानांवर.

“मामा, बंद करो. कान में सीटी बज रही है.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मलाही काही ऐकू आलं नव्हतं. भाचीला आलं होतं. तिचा चेहरा आक्रसलेला होता. वय वाढतं तसा कान वरच्या पट्ट्यांपासून बहिरा होत जातो, हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं. साठीच्या माणसाला १४,००० ची शिट्टी बहुधा ऐकूच येत नाही, विशीतल्याला सुईसारखी टोचते. ज्याने मशीनचं बटण फिरवायचं त्याला शांतता, आणि ज्याने शेजारी उभं राहून फिलर द्यायचा, जॉब धरायचा, त्याला दिवसभर शिट्टी.

मामा बराच वेळ त्या पोराकडे बघत होता.

मामा: मला ऐकू येत नाही म्हणून मी आठ तास चालवलं असतं गं हे.

भाची: म्हणून म्हणते, काम करायचं तर २०,००० वरच कर. मधे थांबायचं नाही.

२०,००० वर पोराने मान हलवली: काही नाही. आणि मग एक गोष्ट झाली, जी मला पुस्तकातून कळली नसती. शिट्टी कानांच्या पलीकडे गेल्यावर खालचा जुना फुसफुसाट पुन्हा ऐकू यायला लागला. मामाने मुद्दाम अंतर वाढवलं, आवाज बदलला. टंगस्टन जरासा चाटवला. फस्स झालं, आणि त्याला ते डोळ्याआधी कानाने कळलं. दोन-तीन हजारांचा कर्कश सूर या सगळ्या खुणा गिळून टाकत होता. मामाने तीन लाइनी आणखी ओढल्या, करंट प्रत्येक वेळी थोडा उतरवत. शेवटची लाइन पहिल्यापेक्षा स्पष्ट अरुंद होती, आणि पत्र्याच्या मागे धातू उतरलेला होता.

भाची: आता धातूचे दाणे बघायचे. कापून, पॉलिश करून, ॲसिडला वरचा थर खाऊ देऊन. बीजिंगच्या बैहांग विद्यापीठात टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमवर २०,००० च्या वरचे ठोके देऊन बरंच काम झालंय. वितळलेला धातू आतून ढवळला जातो, गोठताना वाढणारे लांब दाणे मोडतात आणि बारीक होतात.

मामा: स्टेनलेसमध्ये?

भाची: तेच कापून बघायचंय. तुझ्या पत्र्यावर, तुझ्या केबलनं केलेलं.

मामाने लाइनीचा तुकडा तिच्या हातात दिला. टंगस्टन परत खिशात गेला.

माझं मत विचाराल तर ते असं. रेलिंग, दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा, साधे पाइप एवढंच ज्यांचं काम, त्यांनी या मशीनवर पैसे घालू नयेत. दोन-चार ठोक्यांचा जुना पल्स आणि नीट घासलेला टंगस्टन त्यांना पुरतो. मिलिमीटरखालचा पत्रा, पातळ नळ्या, बेलोज, किंवा यंत्रावर चालणारी टॉर्च असेल तर पद्धत खरी आहे आणि घेण्यासारखी आहे. मात्र घेताना आपली केबल आणि आपला पत्रा बरोबर न्या. टॉर्चच्या टोकाशी करंटची लाट ऑसिलोस्कोपवर दाखवायला सांगा, मशीनच्या पडद्यावरचा आकडा मान्य करू नका. ती वर किती चढते यापेक्षा खाली किती उतरते ते पाहा. आणि गाळ्यातल्या सर्वात लहान माणसाला शेजारी उभं करून विचारा, काही ऐकू येतंय का.

मामाने मशीन अजून घेतलेलं नाही. विक्रेत्याला त्याने पुन्हा बोलावलं आहे, ऑसिलोस्कोप घेऊन. हेल्परसाठी कानात घालायच्या बोळ्यांचं पाकीट मात्र त्याच संध्याकाळी, पावसात, भाची नाक्यावरच्या दुकानातून घेऊन आली.